बाकावर शेजारी कोण?

महाराष्ट्रात शंभर माणसांमागे एक ख्रिस्ती, तोही पुरता भरत नाही. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ०.९६ टक्के होतं, आणि त्यातला मोठा हिस्सा मुंबई, वसई, ठाणे, पुणे या बाजूला राहणारा. नागपूर त्या बाजूपासून सातआठशे किलोमीटर दूर. तरी या शहरात टेंपल रोडवरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून चालू आहे, आणि सेमिनरी हिल्सवरचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एसएफएस, १९५६ पासून. एक प्रोटेस्टंट परंपरेतलं, दुसरं कॅथलिक. दोन्ही भरलेली.

भरलेली कुणी? हा हिशेब मांडून बघावा असा आहे. शहरातलं एकूण एक ख्रिस्ती मूल या वर्गांत आणून बसवलं तरी मागचे बाक रिकामे राहतील. म्हणजे ही कॉलेजं पहिल्या दिवसापासून इतरांच्या मुलांवर उभी आहेत. अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजांपुढे गेली कित्येक वर्षं प्रश्न आहे तो आपल्या लोकांनी गजबजलेल्या आवारात वेगळ्या वंशाची, वेगळ्या रंगाची मुलं कशी यावीत, आल्यावर कशी टिकावीत, हा. नागपूरच्या ख्रिस्ती कॉलेजात मुळात आपलेच लोक मूठभर. इथल्या विविधतेचा इतिहास त्यामुळे अगदी वेगळ्या दारातून आत शिरतो, आणि तो पाहताना मी पुन्हापुन्हा थक्क होतो.

स्टीफन हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी जन्मले आणि १८४५ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून नागपुरात पोचले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. ते खालसा व्हायला अजून नऊ वर्षं अवकाश होता. शहर वसवलं होतं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं. दरबारात आणि वाड्यांत मराठी, बाजारात हिंदी आणि उर्दू, भोवतालच्या रानात गोंडी, आणि पलीकडे कामठीच्या छावणीत मद्रासची फौज असल्यामुळे तमिळ-तेलुगू. पुढच्याच वर्षी, १८४६ मध्ये, हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा काढली. आजचं कॉलेज त्याच झाडाची फांदी.

या माणसाला धर्माइतकंच वेड होतं दगडांचं. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर ते नागपूरच्या आसपासच्या खाणी आणि ओढे पालथे घालत. दगडात उमटलेली प्राचीन पानं, चांदा जिल्ह्यातल्या मांगलीला सापडलेली एका उभयचर प्राण्याची कवटी, असं बरंच काही त्यांनी लंडनच्या अभ्यासकांपुढे ठेवलं. मध्य भारतातल्या अशा खडकांच्या थरांना पुढे भूवैज्ञानिकांनी गोंडांच्या प्रदेशावरून गोंडवन हे नाव दिलं. ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये ते एका अख्ख्या लुप्त भूखंडालाच लावलं. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, भारत, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सारे ज्या एका महाभूमीचे तुकडे आहेत ती गोंडवन. जगातल्या कुठल्याही शाळेच्या भूगोलात आपल्या रानातल्या लोकांचं नाव असं जाऊन बसलं आहे.

पण हिस्लॉप यांचं त्याहून मोलाचं काम माणसांबद्दलचं होतं. मध्य प्रांतातल्या आदिवासींच्या चालीरीती, त्यांच्या भाषांतले शब्द, त्यांची गाणी ते वर्षानुवर्षं टिपत राहिले. त्यात गोंडांच्या लिंगोची कथाही होती. शेकडो ओळींचं ते गाणं परधान गायकांच्या तोंडून ऐकून कागदावर उतरलं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची दगडी शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना रात्री पुराच्या पाण्यात ते बुडाले. वय होतं सेहेचाळीसला टेकलेलं. त्यांचे अर्धवट राहिलेले कागद मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले. हिस्लॉपचं कॉलेज टेंपल रोडवर आहे ते असं अगदी जागेवर आहे.

आता यातली गाठ बघा. ज्यानं गोंडांची गाणी टिपली त्याच्या शाळेत गोंडांची मुलं होती का? स्कॉटिश मिशनची रीत पाहिली तर उत्तर फारसं सुखावणारं नाही. अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये कलकत्त्याला जी शाळा काढली तिची कल्पना अशी की आधी वरच्या जातींच्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावं, त्यांच्यातून ते समाजात खाली झिरपेल. फ्री चर्चच्या बहुतेक शाळा याच आडाख्यावर उभ्या राहिल्या. गावोगावच्या साध्या मिशन शाळांत कष्टकऱ्यांची मुलं येत. शहरातल्या इंग्रजी शाळांत मात्र ब्राह्मण, कायस्थ, व्यापारी आणि नोकरदारांच्या घरचे मुलगे. दार सगळ्यांना उघडं होतं, पण दारापर्यंत पोचण्याची वाट सगळ्यांची सारखी नव्हती.

तरीही त्या उघड्या दाराची किंमत त्या काळात केवढी होती हे विसरून चालणार नाही. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला, आणि मुंबई सरकारनं तो फेटाळला. एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल, ही सबब. सरकारची ही गोष्ट, तर मिशनची पाहा. मद्रासला जॉन अँडरसन यांच्या शाळेत १८३८ मध्ये काही परिया, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातीतली, मुलं आली. बाकीच्या घरांनी मागणी केली की त्यांना काढा, निदान वेगळ्या बाकावर बसवा. अँडरसन यांनी दोन्ही नाकारलं. मुलं मोठ्या संख्येनं शाळा सोडून गेली. शाळा तग धरून राहिली, आणि पुढे तिचंच मद्रास ख्रिश्चन कॉलेज झालं. वेगळा बाक ठेवायला नकार, एवढीशी ती गोष्ट. या देशातल्या शिक्षणाच्या इतिहासात मी तिला फार वर ठेवतो. पुण्यात याच सुमारास, १८४१ पासून, जोतीराव फुले नावाचा एक माळ्याचा मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत जात होता, आणि सदाशिव बल्लाळ गोवंडे हा ब्राह्मण मुलगा त्याचा जिवाभावाचा मित्र झाला तो तिथलाच.

धर्मांतराची भीती या साऱ्यावर कायम तरंगत असे. १८३९ मध्ये मुंबईला जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा पारशी समाज कोर्टात गेला आणि विल्सन यांचे वर्ग रिते झाले. पण शतक सरता सरता कॉलेजांचा सूर बदलला. मद्रासचे विल्यम मिलर उघडच म्हणू लागले की कॉलेजचं काम विचारांची मशागत करण्याचं आहे, विद्यार्थ्यांनी धर्म बदललाच पाहिजे असं नाही. हिंदू, मुसलमान, जैन, पारशी घरांनी हा बदल ओळखला आणि आपली मुलं निर्धास्त पाठवली.

नागपूरचं हिस्लॉप कॉलेज याच वळणावर सुरू झालं. आधी ते कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेलं होतं, मग अलाहाबादशी, आणि १९२३ मध्ये नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळाल्यावर इथलंच झालं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर, त्यामुळे छत्तीसगडपासून वऱ्हाडापर्यंतची, हिंदी आणि मराठी बोलणारी मुलं एका वर्गात यायची. रविशंकर शुक्ल, जे पुढे मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते हिस्लॉपचे. आणि चांद्याहून मॅट्रिक होऊन आलेले, १९२४ मध्ये इथून इंटर सायन्स उत्तीर्ण झालेले माधव सदाशिव गोळवलकर, जे पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दुसरे सरसंघचालक झाले, तेही हिस्लॉपचेच. कोणी काय विचार करावा याची चौकट घालणारं कॉलेज अशी नावं शेजारीशेजारी घडवत नाही.

या चांगल्या बाजूला लागूनच एक कडू हकीगत नागपूरनं जपून ठेवली आहे. जाईबाई चौधरी १८९२ साली उमरेडला जन्मल्या. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या. नागपूर आणि कामठी यांच्या दरम्यान डोक्यावर ओझी वाहून त्या पोट भरत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंची नजर त्यांच्यावर पडली, त्यांना लिहायला-वाचायला आलं, आणि मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेची नोकरी मिळाली. मग वर्गातल्या मुलांच्या घरी कळलं की शिकवणाऱ्या बाई कोण आहेत. शाळेवर बहिष्कार पडला आणि जाईबाईंना नोकरी सोडावी लागली. मद्रासला जे टिकलं ते इथे टिकलं नाही. मिशनचे लोक मनानं चांगले होते, हे मी मानतो. पण बाकाच्या प्रश्नात चांगल्या मनानं भागत नाही. कुणी निघून गेलं तर जाऊ द्यायची तयारी लागते, आणि ती प्रत्येक संस्थेत, प्रत्येक वेळी नव्यानं आणावी लागते.

जाईबाई तिथे थांबल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरातच मुलींसाठी संत चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतल्या अशा स्त्रियांचं काम नोंदवून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ते ठाऊक आहे. नागपूरच्या मिशन शाळांचा इतिहास जाईबाईंवाचून सांगू नये असं मला मनापासून वाटतं.

१९५६ हे साल तर या शहरात दोनदा महत्त्वाचं. त्या वर्षी एसएफएस कॉलेज सुरू झालं, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह इथे बौद्ध धम्म स्वीकारला. आज नागपूर जिल्ह्यात सुमारे चौदा टक्के लोक बौद्ध आहेत, महाराष्ट्राच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. म्हणजे नागपूरच्या कुठल्याही कॉलेजात विविधतेची गोष्ट काढली की ती बौद्ध मुलामुलींपासून सुरू होते. 

इथून पुढे कायद्याची गोष्ट येते, आणि मला ती सगळ्यात अद्भुत वाटते.

संविधानाच्या कलम ३० नं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. त्याच्या अगदी शेजारी, कलम २९ च्या दुसऱ्या भागात, आणखी एक हमी आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेनं धर्म, वंश, जात, भाषा एवढ्याच कारणावरून कुणालाही प्रवेश नाकारायचा नाही. दोन्ही हमी एकाच वेळी पाळायच्या कशा? आपल्या समाजाच्या मुलांना जागा राखल्या तर दुसऱ्याला धर्मामुळे नाकारलंच की. या गाठीवर सर्वोच्च न्यायालय १९५८ च्या केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणापासून बसलं आहे. तेव्हा न्यायालय म्हणालं, बाहेरची काही मुलं घेतली म्हणून संस्थेचं अल्पसंख्याकपण जात नाही. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात त्यानं मध्यरेषा आखली. आपल्या समाजाला पसंती देता येईल, पण निम्म्याहून जास्त जागांवर नाही. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ही रेषा थोडी सैल केली आणि म्हटलं की सगळ्या देशाला एकच टक्केवारी लावू नका, त्या त्या राज्याची गरज बघा. महाराष्ट्रात अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात अल्पसंख्याक संस्थांचा हा कोटा ५० टक्के ठरलेला आहे.

मग २००५ ची ९३ वी घटनादुरुस्ती आली. तिनं कलम १५ मध्ये पाचवं उपकलम घातलं आणि खासगी शिक्षणसंस्थांतही अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गीयांसाठी राखीव जागा ठेवायला सरकारला मुभा दिली. पण अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या. म्हणून हिंदू विश्वस्तांच्या एखाद्या कॉलेजाला जे बंधन लागू शकतं ते ख्रिस्ती कॉलेजाला तसंच लागत नाही. मे २०२५ मध्ये अकरावीच्या प्रवेशात अल्पसंख्याक कॉलेजांतल्या जागांना सामाजिक आरक्षण लावण्याचा शासनाचा निर्णय निघाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयानं जूनमध्ये त्याला स्थगिती दिली ती याच आधारावर.

आता समुद्रापलीकडे बघू. अमेरिकेत केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज १८५५ मध्ये ख्रिस्ती सुधारकांनी काढलं. यादवी युद्ध संपताच तिथे काळी आणि गोरी मुलं एका वर्गात शिकू लागली. १९०४ मध्ये राज्यानं कायदाच केला की असं एकत्र शिकवणं गुन्हा आहे. कॉलेज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९०८ मध्ये हरलं. काळ्या मुलांना त्याच्या वर्गात परत यायला १९५० उजाडलं. आणि आपल्या काळात, २०२३ मध्ये, त्याच न्यायालयानं हार्वर्डच्या खटल्यात ठरवलं की प्रवेश देताना वंशाचा विचार करायचा नाही. निकालाआधी जॉर्जटाउनसह पन्नासहून अधिक कॅथलिक कॉलेजांनी न्यायालयाला लेखी विनवलं होतं की सगळ्या वंशांची मुलं एकत्र आणणं हा आमच्या धर्मश्रद्धेचाच भाग आहे, तो आम्हाला पाळू द्या. ते मान्य झालं नाही.

हे दोन देश समोरासमोर ठेवून पाहा. तिथे ख्रिस्ती कॉलेज म्हणतं, आम्हाला वंचितांना झुकतं माप देऊ द्या, आणि कायदा अडवतो. इथे कायदा ख्रिस्ती कॉलेजाला म्हणतो, तुम्हाला ते माप द्यायची सक्ती नाही, तुमचं तुम्ही ठरवा. भारतातल्या ख्रिस्ती कॉलेजाचा खरा कस त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात लागत नाही. सक्ती नसताना ते कुणाला आत घेतं, त्यावर लागतो.

आणि कोण कुणात मोजायचं, हेही सोपं नाही. नागपूरच्या एका वस्तीतली तीन मुलं कल्पनेत घ्या. पहिल्याचे आजोबा १९५६ मध्ये बौद्ध झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. १९५६ मध्ये शीख त्यात आले आणि बौद्ध आले १९९० मध्ये. म्हणून हा मुलगा आज केंद्राच्या लेखीही अनुसूचित जातीचा. दुसऱ्याचे आजोबा त्याच जातीतून ख्रिस्ती झाले. तो अनुसूचित जातीत नाही. महाराष्ट्रात तो इतर मागासवर्गीयांत धरला जातो. तिसरी मुलगी गोंड, घरचे लोक ख्रिस्ती. अनुसूचित जमातीला धर्माची अटच नाही, त्यामुळे तिचा दाखला जसाच्या तसा. तिघं एकाच नळावर पाणी भरत मोठी झालेली, आणि प्रवेश अर्जाच्या तीन वेगळ्या रकान्यांत. ख्रिस्ती कॉलेजातल्या अल्पसंख्याक कोट्यात दुसरा आणि तिसरी बसतात, पहिला नाही. दलित ख्रिस्तींच्या प्रश्नाचा विचार करायला केंद्रानं ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. चर्चच्या आतही हा प्रश्न दुखरा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद चालतो हे स्वतःहून कबूल केलं. कबुली अशी कागदावर यायला धैर्य लागतं.

या धोरणांची खरी परीक्षा प्रवेशयादी लागल्यानंतर सुरू होते. गडचिरोली किंवा भंडाऱ्याच्या आडगावातून आलेल्या मुलीला नागपुरात राहायला जागा परवडते का, पहिल्या सहामाहीत इंग्रजीतलं व्याख्यान डोक्यावरून गेलं तर तिला कुणी हाताशी घेऊन बसतं का, आडनावावरून जात हुडकणारी चौकशी वसतिगृहात कुणी थांबवतं का, आणि शिकवणाऱ्यांत तिच्या समाजाचं कुणी आहे का. जाईबाईंची नोकरी गेली ती शेवटच्याच मुद्द्यावर. मुलं शेजारी बसली की काम झालं असं मानणारी संस्था फळ्यापुढे कोण उभं आहे हे बघायला विसरते.

मला या कॉलेजांकडून दोन गोष्टी हव्याशा वाटतात, आणि दोन्ही त्यांच्या हातातल्या आहेत. पहिली, दरवर्षी त्यांनी आपले आकडे छापावेत. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, कोण कुठल्या समाजाचं, कुठल्या जिल्ह्याचं, पहिल्या वर्षाला किती आले आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा किती जणांनी दिली. सक्ती नसताना असा हिशेब लोकांपुढे ठेवणाऱ्या संस्थेचं वजन निराळंच असेल. दुसरी गोष्ट गोंडीची. २०११ च्या जनगणनेत जवळजवळ तीस लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, आणि अजून ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. लिंगोचं गाणं १८६६ पासून छापील आहे, तेही रोमन लिपीत मूळ गोंडी शब्दांसह. हिस्लॉपच्या नावानं चालणाऱ्या कॉलेजात ते देवनागरीत आणून, गोंडी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून पडताळून, मराठी आणि हिंदी विभागांच्या वर्गात शिकवता येईल. त्यासाठी कुठल्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. गोंडी येणारा शिक्षक नेमावा लागेल, एवढंच.